एडनपर्यंत पुरणारा डबा

1888 चा ऑगस्ट. धुळ्यात पांझरा दुथडी भरून वाहते आहे आणि तुमच्या घराच्या ओट्यावर जातीतली चार वडीलधारी माणसं तुमच्या ताटाचा निवाडा करायला बसली आहेत. तुम्ही बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघालात, हे त्यांनी कसंबसं मान्य केलंय. पण तिथे खाणार काय?

बोलणं लगेच आनंदीबाई जोशींवर येतं. सतराव्या वर्षी, 1883 च्या फेब्रुवारीत, सेरामपूरच्या सभेत उभं राहून तिने सांगितलं होतं की अमेरिकेला जाईन, पण खाणंपिणं, पोशाख, चालीरीती यांत काही बदल करणार नाही. 1886 साली फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात ती गेली, तेव्हा तिला 22 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ‘थंड मुलखात भाजीभातावर देह टिकत नाही,’ एक आजोबा म्हणतात. ‘टिकला नाही तरी बाटली नाही,’ दुसरे म्हणतात. ती तिथे काय शिकली, हे कुणी विचारत नाही. तुम्हाला ते लागतं, आणि लागायलाच हवं. परदेशी गेलेल्या माणसाचं ताट त्याच्या एकट्याचं नसतं, हे तुम्हाला ओट्यावरच कळून चुकतं.

आत माय दोन दिवस चुलीपुढून हललेली नाही. दादर ज्वारीचं पीठ, त्यात गूळ विरघळवलेलं दूध, पाण्याचा थेंबही नाही. दशमी थापायची, मंद आचेवर दोन्हीकडून खरपूस भाजायची, तूप लावून सुती फडक्यावर पसरायची आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात घालायची नाही. वाफ धरली की बुरशी आलीच. सोबत उन्हाळ्यातल्या बिबड्या, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा कोरडा ठेचा, डिंकाचे लाडू. डबा बांधताना ती एवढंच विचारते, ‘तठे काय खाशी रे भाऊ?’ ओट्यावरचाच प्रश्न. पण तिला धास्ती तुमच्या पोटाची आहे.

धुळ्याला अजून रेल्वे आलेली नाही. चिखल तुडवत दमणीने चाळीसगाव गाठायचं. तिथे जळगावचा मामा गाडीत भेटतो. त्याची कापसाची आडत आहे. अमेरिकेतल्या लढाईच्या काळात, पंचवीस वर्षांपूर्वी, खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते दिवस तो मुंबईपर्यंत रंगवून सांगतो. गाठी लिव्हरपूलला उतरत आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जात. ‘ते गाव पाहून ये,’ तो म्हणतो.

4 सप्टेंबरला ‘क्लाइड’ मुंबई सोडते. जेवणाची घंटा होते आणि तुम्ही केबिनमध्येच बसून राहता. काटे-सुऱ्या धरता येत नाहीत हे एक. खरी अडचण म्हणजे टेबलावरच्या कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायला जीभ रेटत नाही. असाच आणखी एक मुलगा बोटीवर आहे. राजकोटचा, 18 वर्षांचा, कान मोठे, कुणी इंग्रजीत बोललं की गोंधळणारा. तोही बरोबर आणलेली मिठाई आणि फळं आपल्या केबिनमध्ये खातो. मांस, मदिरा आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी आईपुढे शपथ घेऊन निघालाय. मुंबईत त्याच्या जातीने त्याला वाळीत टाकलंय. मोहनदास गांधी पुढे कोण होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. आज तो नुसता उपाशी आणि लाजरा आहे.

एडन येतं तेव्हा डब्यात चटणी उरलेली असते. शेवटच्या दशमीवर हिरवट ठिपके दिसतात. तेवढा भाग काढून उरलेली तुम्ही खाता.

एक इंग्रज प्रवासी मायेने समजावतो की बिस्केच्या उपसागरापर्यंत ठीक, पुढे मांसाशिवाय निभायचं नाही. उपसागर येतो, जातो, काही होत नाही. मांस खाल्लं नाही असा दाखला घेऊन घरी नेण्याची रीत आहे म्हणून मोहनदास असे दाखले गोळा करतो. पुढे त्याला कळतं की मांस खाणाऱ्यालाही असा दाखला मिळू शकतो, आणि त्याची त्यावरची इच्छाच उडते. मला या साऱ्या प्रवासातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. ओट्यावरच्या मंडळींना हवा होता तो कागदच. त्या दिवशी त्या पोराने त्यांना मनातून उत्तर दिलं.

लंडन. सकाळी ओटची लापशी. तेवढ्याने पोट भरतं. दुपारी-रात्री उकडलेली कोबी, पालक, बटाटे. मीठ बेताचं, तिखटाचं नाव नाही. पाव आणखी मागायला संकोच, म्हणून तिसऱ्या तुकड्यावर थांबायचं आणि उपाशी उठायचं. घरमालकीण वाईट नाही. तुम्हाला काय हवं ते तिला कुणी सांगितलेलंच नाही, आणि तुम्हीही सांगत नाही.

मोहनदास रोज दहा-बारा मैल चालून शाकाहारी खाणावळ शोधतो, तुम्हीही त्याच्यासोबत पाय ओढता. एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर ‘सेंट्रल’ सापडते. दाराजवळच्या काचेमागे विकायला पुस्तकं मांडलेली. हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक तो एका शिलिंगला घेतो आणि मग आत जाऊन, विलायतेत आल्यापासून पहिल्यांदा, पोटभर जेवतो. तुमच्यापुढे मसुरीचं घट्ट सूप येतं. फोडणी नाही, पण डाळ आहे. तुम्ही वाटी पुसून खाता. शेवटी पुडिंग येतं तेव्हा मान वर करून विचारता, ‘यात अंडं आहे का?’ आहे. इथल्या पुष्कळ शाकाहाऱ्यांना अंडं चालतं. वाढणारी बाई रागावत नाही, बशी उचलते आणि सफरचंद आणून ठेवते. एवढं सोपं होतं ते. बोटीवर पहिल्याच संध्याकाळी विचारलं असतं तर निम्मी उपासमार टळली असती.

शेजारच्या टेबलावरचा कारकून बोलका आहे. तो आणि त्याची बायको स्वतः विचार करून मांस सोडून बसलेत. घरच्यांनी वेड्यात काढलं. तुम्हाला जे जन्माने मिळालं ते त्याने भांडून मिळवलंय. त्याच्याकडूनच कळतं की या लोकांची व्हेजिटेरियन सोसायटी 1847 मध्ये स्थापन झाली आणि तिचं ठाणं मँचेस्टरला आहे. तिथेच, शेजारच्या सॅलफर्डमध्ये, विल्यम काउहर्ड नावाच्या पाद्र्याने 1809 सालीच आपल्या मंडळींना मांस सोडायला सांगितलं होतं. म्हणजे मामाच्या गाठी ज्या गिरण्यांत पिंजल्या गेल्या, त्यांच्याच आसपास तुमच्यासारखं जेवणारी माणसं राहत होती, आणि जळगावात कुणाला पत्ता नव्हता.

ऑक्सफर्डजवळच्या वाँटेजलाही अशीच एक बाई राहून गेल्याचं तुम्ही धुळ्यात ऐकलंय. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये तिथे बाप्तिस्मा घेतला, ओट्यावर त्यांचं नावही काढायचं नव्हतं. त्या ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारीच राहिल्या. त्यांच्याकडे धर्माचा दाखला मागणारी मंडळी या गोष्टीचं काय करणार?

रात्री तुम्ही मामाला पत्र लिहिता. दोन शेर उडदाची डाळ आणि लाल तिखट पुढच्या आगबोटीने पाठव, मालकीण रांधायला तयार आहे, मी तिला विचारलं. नाताळच्या सुट्टीत मँचेस्टरला जातोय. मायला सांग, इथे खायला मिळतं. ओट्यावर कुणी विचारलं तर त्यांनाही हेच सांग, दाखला मी आणणार नाही.