व्हॉल्व्हची घरघर: नकोसा आवाज कोणता?

व्हॉल्व्हच्या गिटार-अँप्लिफायरचा इतिहास सांगताना बिघडलेल्या यंत्रांचे किस्से हमखास येतात. १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. गिटारवादक विली किझार्ट यांचा अँप्लिफायर वाटेतच खराब झाला होता. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली आणि नेमक्या त्या फाटक्या आवाजावर लोक भाळले. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’त ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सूर स्टुडिओतल्या यंत्राच्या बिघाडामुळे फुटला, आणि पुढच्याच वर्षी तसा आवाज मुद्दाम काढणारी ‘माएस्ट्रो फझ-टोन’ पेटी बाजारात आली. यावरून दोष काय नि गुण काय, हा निव्वळ आवडीचा मामला, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. फुटलेल्या सुराची पेटी खपली. विजेची घरघर मुद्दाम निर्माण करणारी पेटी विकत घ्यायला मात्र कुणी रांग लावली नाही. फुटलेला सूर वादकाच्या बोटांमागे जातो: जोरात छेडले की फुटतो, हलके छेडले की निवळतो. घरघरीला बोटांशी काही देणेघेणे नसते.

घरघरीविरुद्ध कारागीर किती चिकाटीने झगडले, हे पाहिले की फरक आणखी स्पष्ट होतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिटारच्या ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट होते. त्यामुळे बाहेरून शिरलेली घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा सूर मात्र एकत्र होऊन बाहेर पडतो. अँप्लिफायरच्या आत व्हॉल्व्हचे फिलामेंट ६.३ व्होल्टच्या एसीवर तापते; त्याच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन ओढण्याची रीत याच कारणाने रुळली. दुरुस्तीची पद्धतही याच झगड्यातून घडली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची. घरघर ६० ची असेल तर संशय फिलामेंटच्या वायरिंगवर किंवा अर्थिंगवर, १२० ची असेल तर वाळलेल्या फिल्टर कपॅसिटरवर. (आपल्याकडे हेच आकडे ५० आणि १००.) मग सुरुवातीच्या बाजूने एकेक व्हॉल्व्ह काढत जायचे, जो काढल्यावर आवाज थांबतो, दोष त्याच्या टप्प्यात किंवा त्याच्या आधी. लाकडी काडीने हलकेच टकटक केल्यावर एखादा व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजला, तर तो मायक्रोफोनिक, म्हणजे हादऱ्याने वाजणारा, झालेला. बदलण्यावाचून इलाज नाही. चरचर येत असेल तर बहुधा जुना कार्बनचा रेझिस्टर.

फीडबॅकचे काय, असा आक्षेप निघेल. १९६४ च्या ‘आय फील फाइन’च्या आरंभी बीटल्सनी तो हौसेने ठेवला. पण तिथे स्पीकरचा आवाज तारेलाच हलवतो. तारेवर हात ठेवला की तो थांबतो. मायक्रोफोनिक व्हॉल्व्हची शीळ तारेवर हात ठेवूनही चालूच राहते. जुन्या यंत्रांचे शौकीन म्हणतात की मूळ सुटे भाग बदलले तर मूळ स्वर जातो. रेझिस्टरपुरते त्यात तथ्य असेलही. फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र वयाबरोबर वाळतोच, आणि त्याची घरघर बनवणाऱ्याने कधीच विकलेली नव्हती.

या घरघरीपायी माणसांनी जिवाची जोखीमही पत्करली. दोन पिनांच्या प्लगच्या काळात विजेची एक वायर आणि चॅसिस (धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये कपॅसिटर बसवत आणि स्विच फिरवून ज्या बाजूला घरघर कमी, ती बाजू ठेवत. तो कपॅसिटर शॉर्ट झाला तर घरची वीज चॅसिसवर आणि तिथून गिटारच्या तारांवर. ‘डेथ कॅप’ हे त्याचे नाव अगदी सार्थ आहे. पुढे अर्थिंगची तिसरी पिन आली, तशी दोन अँप्लिफायर एकत्र जोडल्यावर अर्थच्या लूपची नवी घरघर सुरू झाली, आणि काहींनी ती पिनच कापून टाकली. हा अक्षम्य वेडेपणा होता. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावून पाहावेत, तेवढ्याने भागले नाही तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थची पिन जागच्या जागी राहू द्यावी.