जोगलटेंभीचे दुहेरी नाणे

नाण्याचे मोल त्याच्या वयावर ठरते, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल आहे की, देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया घेऊन सराफ बाजारात आलेला गृहस्थ, सराफाने चांदीच्या भावाहून फारसे अधिक देऊ केले नाही म्हणजे, आपण नाडलो जात आहोत अशा समजाने रुपया पुन्हा कनवटीला लावून चालू लागतो. या समजुतीच्या निरसनासाठी नाशिककराला दूर जाण्याचे कारण नाही. जिल्ह्यातीलच जोगलटेंभी येथे १९०६ साली उघडकीस आलेला निधी त्यास पुरेसा आहे.

या निधीत क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. एका अंगास राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या अंगास बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत राजाचे नाव, एवढा ऐवज दोन-सव्वादोन ग्रॅमांच्या चकतीवर मावलेला. परंतु निधीची खरी थोरवी ही की, त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता: एकीकडे तीन कमानींचा चैत्य व भोवती स्वतःचे नाव, दुसरीकडे उज्जैनी चिन्ह. नाणे उजेडात तिरपे धरले असता चैत्याच्या कमानीआडून नहपानाचे नाक आणि हनुवटी अद्याप डोकावतात. भट्टीचा खर्च वाचला आणि अंमल कोणाचा हे रयतेच्या हातोहात जाहीर झाले. इतकी काटकसरीची दवंडी दुसरी क्वचितच पिटली गेली असेल. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आपल्या पुत्राने खखरात, म्हणजे क्षहरात, वंश निरवशेष केल्याचे सांगतो. मातेची ही स्तुती अतिशयोक्त म्हणून बाजूस सारता आली असती. हे ठसे मात्र तिच्या बाजूने साक्ष देतात.

पांडवलेण्यांच्याच डोंगरातील दहाव्या लेण्यात नहपानाचा जामात उषवदात आपल्या दानांचा हिशेब एखाद्या दक्ष फडणिसाप्रमाणे देतो: सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, दर पस्तिसास एक, आणि भिक्षूंच्या चीवरादी खर्चासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजी ठेवलेले तीन हजार निराळे. ज्या काळच्या चलनाचा विनिमयदर अशा रीतीने शिळेवर कोरलेला आढळतो, त्या काळची नाणी हाताळण्याचे सुख काही वेगळेच.

आणि तरीही, इतके बोलके नाणे बाजारात तुलनेने आवाक्यात असते, कारण ते हजारोंनी निघाले. नहपानाची नाणी त्यापूर्वी अत्यंत विरळ होती. या एका निधीने ती दुर्मीळता संपविली. आता भाव ठरतो तो दोन्ही राजांचे ठसे एकाच चकतीवर किती वाचता येतात यावर. आयर्लंडातही याचाच मासला आढळतो. इंग्लंडच्या पदच्युत दुसऱ्या जेम्सने १६८९-९० मध्ये जुन्या तोफा वितळवून पितळी नाणी पाडली. त्यांवर सालासह महिनाही असल्याने तिकडचे शौकीन महिनेवार संच जुळवितात, आणि पुढे मोठ्या अर्ध-क्राउनावरच क्राउनचा ठसा मारला गेला, तेथे खालचे जुने अक्षर शोधीत बसतात.

पेशवाईतील गुलशनाबादी, म्हणजे नाशिकच्या टांकसाळीच्या रुपयाची गोष्ट याहून निराळी. रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचे, अंमल मराठ्यांचा. आणि ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे टांकसाळीचे नाव बहुधा काठाबाहेर पडते. ज्या रुपयावर फार्सी 'गुलशनाबाद' पुरते उमटले आहे, त्याला जाणकार अधिक मोजतो. चांदवडच्या चांदोरी रुपयालाही हाच न्याय. त्यातून जुन्या सराफांनी पारखीसाठी मारलेल्या टाच्यांनी पुष्कळ रुपये विद्रूप झालेले असतात; तेव्हा या खुणा नाण्याच्या सचोटीची हमी होत्या, आज त्यांच्याचपायी बट्टा बसतो. आणि त्याहून मोठा बट्टा बसतो तो विकण्यापूर्वी चिंच लावून लख्ख घासलेल्या नाण्याला, कारण शतकांनी चढविलेली काळसर झाक घासणारा दहा मिनिटांत उतरवितो आणि ती पुन्हा चढविण्याची विद्या कोणत्याही सोनाराजवळ नाही.