वेताळाचा यूरोपीय भाऊबंद आणि उंबरठ्यावरचें वय

१८७० सालीं रिचर्ड बर्टन या इंग्रज पंडितानें वेताळपंचविशींतील कांहीं गोष्टी इंग्रजींत आणल्या, तेव्हां ग्रंथाच्या नांवांतच त्यानें वेताळाला ‘व्हँपायर’ करून टाकलें. यांत वेताळावर थोडा अन्यायच झाला. विक्रमराजाला कोडीं घालणाऱ्या आपल्या वेताळास उत्तर हवें असतें, रक्त नव्हे. व्हँपायर म्हणजे थडग्यांतून उठून जिवंतांचें रक्त शोषणारें प्रेत. १७३२ सालीं सर्बियांतील एका खेड्यांत ऑस्ट्रियाच्या लष्करी वैद्यांनीं प्रेतें उकरून त्याविषयीं गंभीर अहवाल लिहिला. १७५५ सालीं मारिया थेरेसा हिनें असल्या प्रकारांस मनाई केली.

कायद्यानें गांवांतून हांकललेलें हें भूत पुढें कादंबरींत येऊन राहिलें. तेथें त्याची गांठ वारंवार कोवळ्या वयाशीं पडते, हें पाहण्यासारखें आहे. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यांत जिनीव्हा सरोवराकांठीं बायरनच्या बिऱ्हाडीं भुताच्या गोष्टी रचण्याची टूम निघाली. त्याचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी तेव्हां २० वर्षांचा होता. त्याची ‘दि व्हँपायर’ १८१९ सालीं छापली गेली, ती मात्र बायरनच्या नांवावर! गोष्टींतील पोरका ऑब्रे एका रुबाबदार लॉर्डाच्या मोहांत पडतो, मौनाच्या शपथेंत अडकतो आणि सख्ख्या बहिणीलाही सावध करूं शकत नाहीं. पोलिडोरीचें बायरनशीं पटलें नव्हतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे तो लॉर्ड ओळखीचा वाटूं लागतो.

या बीजाचा खरा वृक्ष म्हणजे शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाची १८७२ सालची ‘कार्मिला’. स्टिरियाच्या अरण्यांतील एका गढींत १९ वर्षांची लॉरा वडिलांजवळ राहते. आई नाहीं, सोबतीस दोन शिक्षिका. एक समवयस्क मुलगी पाहुणी येणार म्हणून ती कित्येक दिवस वाट पाहत असते, तों ती मुलगी वारल्याचें पत्र येतें. त्याच संध्याकाळीं दारापुढें एक गाडी उलटते आणि कार्मिला घरांत येते.

ती दुपार उलटल्यावर उठते, आपल्या घराण्याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं, आणि लॉरावर असा जीव लावते कीं, लॉराला ओढही वाटते व शिसारीही येते. वाचकास लौकरच संशय येतो. लॉराला येत नाहीं. तरी पुस्तक खालीं ठेववत नाहीं, कारण येथील भय दातांचें नाहीं. पहिल्या जिवलग मैत्रींत मन कसें हरवतें, आणि त्या भावनेला नांव द्यावयास जवळ शब्दच कसा नसतो, हें ल फानूनें ओळखलें आहे. त्याहून बोचतें तें पुढचें. लॉरा खंगूं लागते, वैद्य येतो, तो व वडील एकीकडे बोलतात. आणि जिच्यावर संकट आलें तिलाच कांहीं सांगत नाहींत!

१८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरींतही हेंच. १९ वर्षांच्या लुसीला चार पुरुष आपलें रक्त देतात. पण लसणीचीं फुलें कशासाठीं हें न सांगितल्यामुळें तिची आईच तीं काढून टाकते. ब्रॅम स्टोकरची ही कृति अधिक गाजली, तरी लुसीचें मन तींत लॉराइतकें उघडत नाहीं.

२००५ सालच्या स्टेफनी मेयर हिच्या ‘ट्वायलाइट’मध्यें १७ वर्षांच्या नायिकेचा प्रियकर १९१८ पासून १७ वर्षांचाच आहे. वाचावयास गोड, पण फार गुळगुळीत. त्याच्या आदल्याच वर्षीं स्वीडनमध्यें निघालेली योन आयविदे लिंडक्विस्ट याची कादंबरी निराळ्याच तोलाची आहे. १९८१ सालचें स्टॉकहोमचें उपनगर. १२ वर्षांचा ओस्कर. शाळेंतल्या छळाविषयीं तो आईलाही खरें सांगत नाहीं. शेजारीं राहावयास आलेल्या एलीशीं मात्र त्याची गट्टी जमते. बोलावल्याशिवाय व्हँपायरला परक्या घरांत पाऊल टाकतां येत नाहीं, हा जुना संकेत येथें आहे. ओस्कर मुद्दाम बोलावीत नाहीं. एली तरीही आंत येते आणि तिच्या अंगांतून रक्त फुटूं लागतें. तें पाहून पोराची भंबेरी उडते, आणि तो घाईघाईनें तिला आंत येण्याची परवानगी देतो.