हार्लेमचा जमाखर्च

मराठीत दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना आता चांगलीच रुळली आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने आपले नाव सातासमुद्रापलीकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले, एवढे तर शाळकरी मुलेही सांगतील. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांसारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याचा परिचय मराठी वाचकाला मन लावून करून दिला. त्यानंतर मात्र प्रबंधांमागून प्रबंध आले आणि त्यांत एक ठरावीक उडी दिसू लागली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील हार्लेमचे प्रबोधन, तेथून रिचर्ड राईट, आणि तेथून थेट 'ब्लॅक आर्ट्स' चळवळ. विद्रोहाचा जन्म विद्रोहातूनच होतो, अशी आम्हां साहित्याच्या अभ्यासकांची भाबडी समजूत असते. त्या जन्माचा खर्च कोणी केला, सुइणीचे पैसे कोणी दिले, हे विचारणे आम्हांला कमीपणाचे वाटते.

'ब्लॅक आर्ट्स' चळवळीच्या पहिल्या उन्हाळ्याचा खर्च काही अंशी अमेरिकेच्या केंद्र सरकारने केला होता. तो ज्या संस्थेमार्फत झाला, ती नाट्यसंस्था नव्हती की प्रकाशनगृह नव्हते. शहरातील तरुणांसाठी काम करणारी ती एक सेवाभावी संस्था होती. तिचे नाव 'हार्लेम यूथ अपॉर्च्युनिटीज अनलिमिटेड', लोकांच्या तोंडी 'हारयू'.

संस्थेचे संस्थापक केनेथ क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क यांनी काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या मुलांसमोर ठेवून केलेले प्रयोग प्रसिद्धच आहेत. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालपत्राच्या एका तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा हवाला दिला गेला. १९४६ पासून हे दांपत्य हार्लेममध्ये मुलांसाठी 'नॉर्थसाइड' केंद्र चालवीत होते. म्हणजे क्लार्क बाहेरून आलेले तज्ज्ञ नव्हते. त्याच गल्ल्यांत वाढलेला तो माणूस होता.

१९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी बालगुन्हेगारीविषयी एक समिती नेमली. तिच्याकडे पैसा होता आणि एक सिद्धान्तही होता: मुलगा गुन्हेगार होतो तो स्वभावाने नव्हे, तर समाजाने त्याच्यापुढील वाटा बंद केल्यामुळे. क्लोवर्ड आणि ओलिन या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९६० साली मांडलेला हा विचार सरकारने उचलून धरला, ही त्या काळाची मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात 'मोबिलायझेशन फॉर यूथ' ही संस्था याच विचारावर उभी राहिली. हार्लेमसाठी १९६२ च्या मध्यावर समितीने २ लाख ३० हजार डॉलर मंजूर केले, शहराने १ लाख घातले, आणि क्लार्क यांच्या संस्थेला दीड वर्षात आराखडा तयार करण्यास सांगितले. हे पैसे केवळ आराखड्याचे होते. काम पुढे व्हायचे होते.

आराखडा १९६४ साली आला. 'यूथ इन द घेटो' हा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ. त्याच्या उपशीर्षकात 'सत्ताहीनतेचे परिणाम' असे शब्द आहेत, आणि आमच्या मते क्लार्क यांची खरी प्रतिभा या एका शब्दात आहे. गरिबी नव्हे, अज्ञान नव्हे, सत्ताहीनता. शाळेत मूल नापास होते, कारण त्याच्या आईबापांना शाळेवर हुकमत नाही. घरांची पडझड होते, कारण घरमालक दुसरीकडे राहतो. म्हणून तरुणांना शिकवण्या आणि नोकऱ्या द्याव्यात, पण त्याहून अधिक, त्यांना संघटित होऊन मागणे मागण्याची सवय लावावी, असे हा आराखडा सांगतो. त्याचा अंदाजित खर्च सुमारे ११ कोटी डॉलर होता. एवढी रक्कम हार्लेमच्या पदरात कधीच पडली नाही.

आता साहित्याच्या विद्यार्थ्याने हा अहवाल का वाचावा? कारण अनुदानाचा प्रस्ताव हाही एक लेखनप्रकार आहे, आणि प्रत्येक लेखनप्रकाराप्रमाणे तोही आपला नायक घडवतो. आमच्याकडे सरकारी कागदांत 'लाभार्थी' नावाचे एक पात्र असते. त्याला भूक असते, आजार असतो, वय आणि उत्पन्न असते. विनोदबुद्धी मात्र नसते. ज्याला विनोदबुद्धी आहे त्याला अनुदानाची काय गरज, अशी शंका मंजुरी देणाऱ्याच्या मनात येऊ नये, एवढ्यासाठीच ती काढून टाकलेली असते. प्रस्ताव लिहिणारा जितका कनवाळू, तितकी जखम मोठी दिसते. क्लार्क यांच्या अहवालात आणि त्यावरून सिद्ध झालेल्या 'डार्क घेटो' या १९६५ च्या ग्रंथात बालमृत्यू, मादक द्रव्ये, मोडलेली कुटुंबे यांचे आकडे रांगेने येतात, आणि एक संपूर्ण प्रकरण 'विकृती'ला वाहिलेले आहे. आकडे खोटे होते असे नाही. पण ते वाचून उठणाऱ्याला हार्लेममध्ये कोणी हसत असेल, गात असेल, थापा मारीत असेल, असे वाटणार नाही.

हा आक्षेप आमचा नव्हे. आल्बर्ट मरे यांनी १९७० च्या 'दि ऑम्नी-अमेरिकन्स' या पुस्तकात तो फार कडवटपणे घेतला आहे. समाजशास्त्राच्या नावाने लिहिलेल्या या कथा-कादंबऱ्याच आहेत, असे ते म्हणतात, आणि क्लार्क यांनाही सोडीत नाहीत. मरे यांचे स्नेही राल्फ एलिसन यांचीही भूमिका याहून फार वेगळी नव्हती. १९६६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सिनेटची एक उपसमिती शहरांच्या प्रश्नावर साक्षी घेत होती. तिच्यापुढे एलिसन बोलले. हार्लेम म्हणजे केवळ दुःखाचे कोठार, हे चित्र त्यांना कधीच मान्य नव्हते.

गंमत अशी, की एलिसन यांनी स्वतः सरकारी पगारावर हार्लेमचे आवाज टिपले होते. महामंदीच्या काळात, १९३५ साली, रूझवेल्ट सरकारने बेकार लेखकांसाठी 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट' काढला. राईट त्यात होते, झोरा नील हर्स्टन होत्या, आणि १९३८ पासून तरुण एलिसनही. हार्लेममध्ये हिंडायचे, लोकांशी बोलायचे, ते जसे बोलले तसे कागदावर उतरवायचे, हे त्यांचे काम. त्या टिपणांत एका माणसाने सांगितलेली कहाणी आहे: दक्षिण कॅरोलायनातला एक काळा मनुष्य, ज्याला अदृश्य होता येत असे आणि जो गोऱ्यांच्या हातावर तुरी देत असे. १९५२ साली 'इन्व्हिजिबल मॅन' प्रसिद्ध झाली, तेव्हा या कहाणीचा तिच्याशी किती संबंध, हा प्रश्न अभ्यासकांना पडणे साहजिकच होते. त्याचे उत्तर काहीही असो. आमचे म्हणणे एवढेच, की सार्वजनिक पैसा दोन्ही वेळा त्याच गल्ल्यांत आला. १९३८ साली त्याने लोकांना विचारले, तुम्हांला काय सांगायचे आहे? १९६२ साली विचारले, तुम्हांला काय झाले आहे? प्रश्न बदलला की उत्तर देणाऱ्याचा आवाज बदलतो.

क्लार्क यांना हे कळत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. 'डार्क घेटो'चे पहिले प्रकरण जवळजवळ सर्वस्वी हार्लेमवासीयांच्याच उद्गारांचे आहे. लेखक तेथे मागे सरला आहे. आकड्यांनी भरलेल्या ग्रंथाच्या दारातच त्यांनी हे आवाज उभे केले, ते आत काय हरवणार आहे याची जाण असल्याखेरीज नव्हे.

त्यानंतर जे घडले ते राजकारण, आणि ते थोडक्यात सांगता येते. हार्लेमचे प्रतिनिधी ॲडम क्लेटन पॉवेल हे काँग्रेसच्या शिक्षण व श्रम समितीचे अध्यक्ष होते; गरिबीविरोधी कायद्याचे विधेयक त्यांच्याच हातून जायचे होते. 'ॲक्ट' नावाची तरुणांसाठी काम करणारी दुसरी संस्था त्यांच्या छायेत होती. दोहोंचे विलीनीकरण होऊन 'हारयू-ॲक्ट' झाली, प्रमुखपदावरून वाद पेटला, आणि १९६४ च्या जुलैमध्ये क्लार्क राजीनामा देऊन बाहेर पडले. सत्ताहीनतेवर ग्रंथ लिहिणाऱ्याला सत्तेचा असा प्रत्यय यावा! पॉवेल यांचे लिव्हिंगस्टन विंगेट संस्थेचे सूत्रधार झाले. त्याच महिन्यात पोलीस अधिकाऱ्याने पंधरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला गोळी घातली आणि हार्लेममध्ये दंगल उसळली. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरोधी कायद्यावर सही केली. गरिबांचा 'शक्य तितका अधिकाधिक सहभाग' असावा, असे शब्द त्यात होते. त्यांचा अर्थ काय, यावर पुढे अनेकांचे आयुष्य गेले.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा जवळ आला तसे सरकार धास्तावले. मुले रस्त्यावर मोकळी राहिली तर पुन्हा दंगल होईल, म्हणून घाईघाईने 'प्रोजेक्ट अपलिफ्ट' नावाची योजना निघाली आणि पैसा 'हारयू-ॲक्ट'कडे आला. तहान लागल्यावर विहीर खणावी, तसे हे. पण विहिरीला पाणी लागले ते भलत्याच ठिकाणी.

लरॉय जोन्स, पुढचे अमिरी बराका, तोवर ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहणारे नामांकित कवी-नाटककार होते. १९६४ च्या 'डचमन' नाटकाला ओबी पुरस्कार मिळाला होता. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स यांचा खून झाला आणि जोन्स आपला जुना संसार, जुने गोरे मित्र सोडून हार्लेममध्ये आले. १३० व्या रस्त्यावरील एका जुन्या घरात त्यांनी 'ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर अँड स्कूल' उघडले. सुरुवातीचा पैसा नाट्यप्रयोगांतून आणि जॅझच्या मदत-मैफलीतून उभा राहिला. ती मार्चमधली मैफल 'व्हिलेज गेट'ला झाली, तीत जॉन कोल्ट्रेनही वाजवायला बसले होते, आणि तिची ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येते. पण एका मैफलीवर शाळा चालत नाही. उन्हाळ्यात 'हारयू-ॲक्ट'ने सुमारे ४० हजार डॉलर दिले, असे वर्तमानपत्रांतून आले. जोन्स यांनी १९८४ च्या आत्मचरित्रात याच्या कितीतरी पट रकमेची बढाई मारली आहे. कवीच्या हिशेबावर किती विसंबायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या उन्हाळ्यात हार्लेमच्या रस्त्यांवर, मोकळ्या भूखंडांवर, बागांतून रोज काहीतरी होत असे: नाटक, काव्यवाचन, नवे जॅझ, चित्रे. ज्यांनी कधी तिकीट काढून नाट्यगृहात पाऊल टाकले नव्हते ते लोक खिडक्यांतून आणि पायऱ्यांवरून पाहत होते. शाळेत हॅरॉल्ड क्रूझ इतिहास शिकवीत. लॅरी नील यांनी १९६८ च्या आपल्या निबंधात या उन्हाळ्याला चळवळीच्या आरंभाचे स्थान दिले आहे, आणि ते यथार्थ आहे. 'लाभार्थी' बोलू लागला होता, आणि तो जखम दाखवीत नव्हता, शिव्या देत होता.

हे फार काळ चालणे शक्य नव्हते. करदात्यांच्या पैशांवर गोऱ्यांचा द्वेष शिकवला जातो, अशी ओरड वृत्तपत्रांनी केली. योजनेचे सर्वोच्च अधिकारी सार्जंट श्रायव्हर पाहणीसाठी आले असता आपण त्यांना दारातूनच परत पाठवले, असे जोन्स सांगतात. श्रायव्हर यांनीही त्या नाटकांचा कठोर शब्दांत धिक्कार केला. 'हारयू-ॲक्ट'चे हिशेब तपासणीखाली आले. पैसा आटला, आतली भांडणे विकोपाला गेली, जोन्स न्यूअर्कला निघून गेले, नील यांच्यावर गोळी झाडली गेली, ते वाचले. मार्च १९६६ मध्ये पोलिसांनी त्या घरावर छापा घातला. पुढच्या वर्षी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून असल्या संस्था स्थानिक सरकारांच्या ताब्यात जाण्याची वाट मोकळी केली.

सरकारचे पैसे घेऊन सरकारला शिव्या देणे ढोंगीपणाचे आहे काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आमच्याकडेही, एखाद्या पुरस्कारविजेत्या लेखकाने सत्ताधाऱ्यांना दोन शब्द सुनावले की, अजून विचारला जातो. आम्हांला तो चुकीचा वाटतो. हार्लेमचा माणूसही कर भरत होता. तो पैसा दान नव्हता. जोन्स यांची चूक दुसरी होती, आणि ती क्रूझ यांनी १९६७ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात नेमकी ओळखली: आर्थिक पाया आपल्या हाती नसताना सांस्कृतिक संस्था टिकत नाही, हे या मंडळींनी ध्यानातच घेतले नाही. क्रूझ त्याच शाळेत शिकवीत होते, म्हणून त्यांच्या टीकेला वजन आहे. पण त्यांनाही हे विचारता येईल, की ११० व्या रस्त्याच्या उत्तरेस असा पाया तेव्हा कोणाच्या हाती होता?

एलिसन यांनी १९३८ साली टिपलेल्या त्या कहाणीच्या कागदावर सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टंकलिखित केलेली आहे. 'डार्क घेटो'च्या पहिल्या प्रकरणात उद्गारांखाली बहुधा 'पुरुष' किंवा 'स्त्री' असे असते, आणि त्यापुढे अंदाजाने वय.