इशारा कुणाच्या कानावर पडतो?



उन्हाळी वाळवणं घातली की आपण सगळ्याजणी दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघतो. कुरडया अर्ध्याच वाळल्यात आणि डोंगराआडून ढग वर येताहेत, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण वादळ दिसायच्या दोन दिवस आधीच कुणी म्हणालं, ‘येणार आहे, सावध राहा’, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा हसतो. ‘हवामान खात्यानं पाऊस सांगितलाय ना, मग घाला खुशाल पापड,’ हे वाक्य आमच्या प्रत्येक गटात उन्हाळ्यात एकदा तरी ऐकू येतं. म्हणून आज या इशाऱ्यांचा इतिहास सांगायचं आम्ही ठरवलं. ते कुणासाठी सुरू झाले, आणि ते ऐकून लोक कसे वागले.

सुरुवात कोलकात्यापासून करू. १८६४ साली ५ ऑक्टोबरला तिथे मोठं चक्रीवादळ आलं. समुद्राचं पाणी हुगळी नदीतून आत घुसलं आणि सुमारे ६० हजार माणसं गेली. बंदरातली जहाजं एकमेकांवर आपटून फुटली. सरकार हललं ते पुढच्याच वर्षी, आणि १८६५ मध्ये कोलकाता बंदरावर वादळाचा इशारा देण्याची पद्धत सुरू झाली. मग इतर बंदरांवरही ती गेली. १८७५ साली भारताचं हवामान खातं स्थापन झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मेलेली बहुतेक माणसं नदीकाठच्या झोपड्यांमधली होती, आणि इशारा सुरू झाला तो जहाजांसाठी. बंदरावर उंच खांब, दिवसा त्यावर शंकू आणि नळकांड्यांच्या आकाराच्या खुणा, रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा असे त्याचे क्रमांक. ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला’ असं आजही बातम्यांत ऐकतो, तो हाच. एक नंबर म्हणजे वादळ दूर आहे, दहा म्हणजे मोठा धोका, आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. तांडेलाला हे कळायचं. पण त्याच किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला तीन आणि चार नंबरमधला फरक कुणी समजावला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

जहाजांनंतर शेतकऱ्याची पाळी आली. पुण्यात १९३२ साली शेती-हवामानाचं काम सुरू झालं, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वेगळी बातमी निघू लागली. ती रेडिओवरून आपापल्या भाषेत सांगितली जाऊ लागली. पुण्याच्या शिवाजीनगरला ‘शिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा आहे. पुण्यात शिमला कुठून आलं, असं वाटतं. तर हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून १९२८ साली पुण्यात आलं, आणि लोकांनी जुनं नाव इमारतीला चिकटवलं. याच पुण्याच्या कार्यालयात १९४८ साली अ‍ॅना मणी नावाची केरळची एक बाई रुजू झाली. वारा, ऊन, पाऊस मोजायची यंत्रं परदेशातून आणावी लागायची. ती देशातच अचूक बनावीत म्हणून तिनं आयुष्य घातलं. मोजमाप चुकलं तर अंदाज चुकणारच. शाळेच्या पुस्तकात हे नाव आम्ही वाचलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता रेडिओ आला तरी ऐकत कोण होतं? गावात एखादाच संच, तो ग्रामपंचायतीत नाही तर पाटलाच्या ओसरीवर. भोवती पुरुष. त्याआधी दवंडी होती, तीही चावडीपुढे आणि चौकात. चुलीपाशी असलेल्या बाईपर्यंत बातमी यायची ती कुणाच्या तरी तोंडून, आणि त्या माणसाला ती महत्त्वाची वाटली तर.

शिवाय लोकांचा विश्वास आपल्या नक्षत्रांवर. रोहिणी, मृग, आर्द्रा, सहदेव-भाडळीचे ठोकताळे. त्यात पिढ्यांचं निरीक्षण आहे, ते टाकाऊ नाही. पण अरबी समुद्रात परवा तयार झालेलं वादळ उद्या कुठे धडकेल, हे कुठलंच नक्षत्र सांगत नाही. आणि अंदाज चुकला की राग यायचाच. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तर पाऊस सांगूनही पडला नाही म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. लोक हसले, पण ज्यानं अंदाजावर विसंबून बी मातीत घातलं त्याला दुसरं दार तरी कोणतं होतं?

आता आपण शेजारच्या बांगलादेशात जाणार आहोत, कारण इशारा आणि बायका यांची गोष्ट तिथल्याइतकी उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे (तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता) चक्रीवादळानं किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, हातात भोंगा घेऊन वाडीवस्तीवर ओरडून सांगणारे. तरी १९९१ साली, ऐन उन्हाळ्यात, २९ एप्रिलच्या रात्री आलेल्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मेले. इशारा दिलेला होता. सर्वांत मोठ्या धोक्याचा, दहा नंबरचा.

मग लोक घरात का थांबले? त्याचा नंतर बराच अभ्यास झाला. आधी कितीदा तरी इशारे आले आणि काही झालं नाही, हे एक कारण. घर सोडलं तर चोरी होईल, गुरं कुठे न्यायची, हे दुसरं. निवारे थोडे आणि लांब होते. ही सगळी कारणं पुरुषांनाही होती. पण वीस ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांमध्ये दर हजारी १५ पुरुष मेले, आणि बायका मेल्या दर हजारी ७१.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही दोनदा तपासला. पंधरा आणि एकाहत्तर. वादळ बाई-पुरुष बघत नाही, मग हा फरक आला कुठून? नवरा घरी नव्हता, त्याला न विचारता घर कसं सोडायचं, म्हणून बायका वाट बघत बसल्या. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र कशी काढायची, ही लाज. बायकांना वेगळी जागा नाही, संडास नाही. पाणी आलं तेव्हा काखेत एक, हाताला एक मूल. साडी पायात गुंतलेली, लांब केस झाडाझुडपांत अडकलेले. पोहायला आणि झाडावर चढायला मुलींना कुणी शिकवलंच नव्हतं. मैत्रिणींनो, यातलं कोणतं कारण आपल्या गावात नाही?

बांगलादेशनं यावर काम केलं. निवारे वाढवले, बायकांसाठी वेगळ्या खोल्या केल्या, गुरांसाठी जागा केली. स्वयंसेवकांत बायका घेतल्या, आणि पुढे त्यांची संख्या निम्म्यापर्यंत नेली. बाई दारात येऊन सांगते तेव्हा घरातली बाई बाहेर येते, प्रश्न विचारते. २००७ साली ‘सिद्र’ हे जबर वादळ आलं, तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. ही संख्या लहान नाही, पण लाखाच्या पुढे वाचा आणि मग ही वाचा.

आपल्या ओडिशातही असंच झालं. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक गेले. इशारा तेव्हाही होता, पण जायचं कुठे? पक्के निवारे अगदी मोजके. पुढच्या वीस वर्षांत तिथे आठशेहून जास्त निवारे बांधले गेले. ३ मे २०१९ ला ‘फनी’ पुरीजवळ धडकलं, त्याआधी सुमारे १२ लाख लोकांना हलवलं होतं. ओडिशात ६४ माणसं दगावली.

त्याच वर्षी जूनमध्ये गुजरातेत उलटं झालं. ‘वायू’ येणार म्हणून तीन लाखांच्या आसपास लोक हलवले आणि वादळानं ऐनवेळी दिशा बदलली. असं झालं की लोक म्हणतात, उगाच घाबरवलं. रात्री कडी लावली आणि चोर आला नाही, म्हणून कडी लावणं चुकलं असं आपण म्हणत नाही. पण त्या दोन दिवसांची मजुरी बुडते, घरी बांधलेली शेळी उपाशी राहते, हेही खरं आहे. ते नुकसान कुणी मोजत नाही, म्हणून पुढच्या वेळी पाय जड होतो.

आता आपल्या कोकणात येऊ. ३ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून माणसं गावी आलेली, शाळांमधून विलगीकरणात ठेवलेली. आणि ‘निसर्ग’ वादळाचा इशारा आला. जूनमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकण्याची १८९१ नंतरची ही पहिलीच वेळ, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीलाही याची आठवण असणं शक्य नव्हतं. कोकणाला पावसाचं काय कौतुक? ‘दर वर्षी कौलं उडतात, यंदाही उडतील’ असं वाटणं साहजिक होतं. त्यात लोकांना गोळा करायचं ते शाळेत किंवा समाजमंदिरात, आणि तीन महिने सगळे सांगत होते, गर्दी करू नका. एका कानात एक इशारा, दुसऱ्या कानात दुसरा.

तरीही हजारो लोक हलले, आणि म्हणून जीव वाचले. वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला लागलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. पत्रे, कौलं, विजेचे खांब, मोबाइलचे टॉवर सगळं आडवं. काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. आणि बागा! श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली नावाजलेली सुपारी, नारळ, आंबा, मुळासकट उपटले गेले. सुपारीचं नवं झाड लावलं तर पीक हाती यायला सहा-सात वर्षं.

इशारा माणसाला वाचवतो, झाडाला नाही. आणि त्यानंतर पंचनामे होतात ते सातबाऱ्यावर. सातबाऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं. सुपारी सोलायला जाणारी, नारळाच्या झावळ्यांचे हीर काढून झाडू बांधणारी, सुकट विकणारी बाई कुठल्या रकान्यात येते? दुसऱ्याच्या बागेवर तिचं पोट होतं. बाग गेली, पण तिच्या नावावर काही नव्हतं, म्हणून तिचं काही गेलं असं कागदावर दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आलं. इशारे काही दिवस आधीपासून होते. तरी मुंबईपासून दूर समुद्रात, तेलविहिरींच्या भागात पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसं राहिली. १७ मे रोजी ते बार्ज बुडालं आणि सत्तरहून जास्त जण गेले. त्या कामगारांना वादळाची बातमी कळली नसेल असं नाही. पण बार्ज हलवायचं की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. आम्हाला हे वाचताना १९९१ च्या त्या बायकाच आठवल्या, नवऱ्याची वाट बघत बसलेल्या.

आता इशारे रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हे तीन शब्द गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वादळांना नावं द्यायची पद्धत आपल्या भागात २००४ पासून आली, त्यामुळे बोलणं सोपं झालं. विजेसाठी पुण्याच्या संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप काढलं आहे. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. घाटावरच्या आणि मराठवाड्या-विदर्भातल्या आपल्या बायांना समुद्राच्या वादळापेक्षा वळवाच्या विजेचंच भय जास्त, कारण त्या वेळी त्या शेतात असतात. फोन मात्र घरी असतो, नाही तर मुलाच्या खिशात.

आमच्या ग्रामसंघात आम्ही मागच्या महिन्यात एक यादी केली. प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचा फोन नंबर. लिहिताना कळलं, बऱ्याच नावांपुढे नवऱ्याचा किंवा मुलाचाच नंबर आहे. म्हणून ठरलं की लाल इशारा आला तर देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं, आणि लांबच्या दोन वस्त्यांवर जवळच्या घरातल्या बाईनं चालत जाऊन सांगायचं. कोण जाणार ती नावंही लिहिली. म्हाताऱ्या आणि बाळंतिणी कोणत्या घरात आहेत तेही लिहिलं. शाळेच्या खोलीत बायकांसाठी वेगळा कोपरा आणि संडासाची किल्ली, हे सरपंचांना लेखी दिलंय. भोंग्याच्या खोलीची किल्ली सध्या एकट्या पुजारीकाकांकडे असते. दुसरी करून घ्यायची का, हा विषय येत्या बैठकीत आहे.