चाकू बनवताना उडणारी धूळ: मास्क कोणता, काळजी कशी?

चाकू बनवण्याचे व्हिडिओ बघून तुम्हालाही बेल्ट ग्राइंडर घ्यावासा वाटत असेल. मी छोट्या वर्कशॉपमध्ये हेच काम करतो, म्हणून आधी धुळीबद्दल सांगतो.

धोका कशात आहे?
जाड धूळ नाकात, घशात अडकते. साधारण ४ मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र फुफ्फुसात खोलवर जातात. स्टेनलेस स्टीलच्या धुळीत क्रोमियम असतं, मुठीच्या जी-१० शीटमध्ये काचेचे तंतू. शिसवीच्या भुशाची तर अनेकांना अ‍ॅलर्जी होते.

कोणता मास्क घ्यावा?
सर्जिकल मास्कच्या कडेने हवा आत शिरते. एन९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पी१०० फिल्टर ९९.९७ टक्के. मी पी१०० लावलेला रबरी हाफ मास्क वापरतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही.

मोबाइलचा उपयोग
ग्राइंडर बंद करा, अंधार करा, टॉर्च लावून झोताकडे बाजूने बघा. तरंगणारी धूळ दिसेल. ती दिसेनाशी झाली तरी अतिबारीक कण हवेत असतात, त्यामुळे बाहेर येऊनच मास्क काढा. एरवी मोबाइल लांब ठेवा. स्पीकरचं चुंबक लोखंडी कण ओढतं.

हे विसरू नका
- ठिणग्यांखाली पाण्याची बादली ठेवा. भुसा आणि ठिणग्या एकाच व्हॅक्यूममध्ये गेल्या तर आग लागू शकते.
- गॉगल आणि इअरप्लग लावाच.
- बफिंग करताना हातमोजे, सैल बाह्या, मोकळे केस नकोत. चाक हात ओढून घेतं.
- कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.

ग्राइंडरचं बजेट काढताना मास्कचे पैसे त्यातच धरा.