तारुण्यांतील टक्कल : लज्जेचा आणि ज्ञानाचा इतिहास

वयाच्या विशी-बाविशींत एखाद्या तरुणाच्या ध्यानांत येतें, कीं कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागें सरूं लागले आहेत आणि फणींत रोज थोडे अधिक केस अडकूं लागले आहेत. घरांतील वडील माणसें याकडे हंसून पाहतात. मित्र एखादें टोपणनांव ठेवतात. न्हावी एक तेल सुचवितो, तर मावशी दुसरें. कोणाचा पाय मोडला तर सारें घर हळहळतें; परंतु केस गळणाऱ्या तरुणाच्या दुःखास दुःख म्हणावयासही कोणी तयार नसतें. म्हणूनच तें लपविण्याकडे मनुष्याची प्रवृत्ति होते, आणि लपविलेल्या दुःखावर व्यापार करणारे सर्व काळीं व सर्व देशांत निपजतात. टकलाचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांत दोन प्रवाह स्पष्ट दिसतात : एक लज्जेचा, दुसरा निरीक्षणाचा. पहिल्यानें तेलें, लेप आणि टोप निर्माण केले. दुसऱ्यानें, फार उशिरा कां होईना, कारण शोधून काढलें.

पहिला प्रवाह फार प्राचीन आहे. इजिप्त देशांतील 'एबर्स पपायरस' या नांवानें प्रसिद्ध असलेली वैद्यकाची गुंडाळी इ. स. पूर्वीं सुमारें १५५० या काळांतील आहे. तींत केस उगवण्यासाठीं सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड या प्राण्यांची चरबी एकत्र करून डोक्यास चोळावी असा उपाय सांगितला आहे. सिंहाची आयाळ पाहून त्याची चरबी कोणास सुचली असेल तर तें समजण्यासारखें आहे. परंतु मगरीच्या आणि सापाच्या अंगावर केस कोणीं पाहिले होते, हा प्रश्न त्या काळच्या रोग्यानें विचारलेला दिसत नाहीं. गरजवंतास प्रश्न विचारण्याचें सुचत नाहीं.

आपल्या आर्यवैद्यकानें या विकारास नांवें दिलीं आणि कारणांची उपपत्ति लावली. इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या हीं नांवें सुश्रुतसंहितेंत येतात. वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडतें, आणि मागाहून रक्तासह कफ त्या रोमकूपांचीं तोंडें बंद करतो, म्हणून नवा केस उगवत नाहीं, असें सुश्रुताचें म्हणणें. चरकानें मिठाच्या अतिसेवनास दोष दिला. त्यामुळें टक्कल, पिकलेले केस व सुरकुत्या अकालीं येतात असें तो सांगतो. 'अकालीं' हा शब्द महत्त्वाचा आहे. वृद्धपणीं केस जाणें हा काळाचा नियम. तारुण्यांत जाणें हा मात्र अन्याय वाटतो, आणि हें त्या वैद्यानेंही ओळखलें होतें. माक्याचें तेल आजही घरोघरीं आहे, तें याच परंपरेंतून आलेलें.

लज्जा सम्राटांसही सोडीत नाहीं. ज्यूलियस सीझर मागचे केस पुढें विंचरून टक्कल झांकीत असे, आणि सिनेटनें दिलेल्या अनेक मानांपैकीं सदैव पर्णमुकुट धारण करण्याचा मान त्यानें सर्वांत आनंदानें स्वीकारला, असें चरित्रकार सुएटोनियस लिहितो. सीझर निदान प्रौढ तरी होता. इ. स. ८१ ते ९६ या काळांत राज्य करणारा डोमिशियन याचें दुःख अधिक बोलकें आहे. दुसऱ्या कोणाच्या टकलाची थट्टा झाली तरी ती आपलीच झाली असें त्यास वाटे. त्यानें केसांच्या निगेविषयीं एक पुस्तिका लिहून ती आपल्यासारख्याच एका मित्रास अर्पण केली, आणि आपले केस तारुण्यांतच म्हातारे झाले हें आपण धैर्यानें सोशीत आहों अशा आशयाचा मजकूर तींत घातला. ज्याच्या शब्दासरशीं माणसांचीं मस्तकें उडत, त्यास स्वतःच्या मस्तकावरील केस मात्र राखतां आले नाहींत. त्याच्या पुतळ्यांवर व नाण्यांवर मात्र भरघोस कुरळे केस दिसतात!

याच्या उलट मार्ग सिरीनचा तत्त्वज्ञ सायनेसियस यानें धरला. इ. स. ४०० च्या सुमारास त्यानें टकलाची स्तुति करणारा निबंधच लिहिला. पूर्वीच्या एका वक्त्यानें केसांची स्तुति केली होती, तिला हें उत्तर होतें. केस जाऊं लागले तेव्हां आपणांस किती दुःख झालें हें तो आरंभींच कबूल करतो, आणि मग युक्तिवाद मांडतो : आकाशांतील ज्योति गोल व गुळगुळीत आहेत, मेंढरूं सर्वांत लोकरदार, आणि बुद्धीनें सर्वांत मंद! युक्तिवाद विनोदाचा आहे, पण त्यामागील धैर्य खरें आहे. डोमिशियननें धैर्याची भाषा केली. सायनेसियसनें तें दाखविलें.

सायनेसियसचें अनुकरण फारसें कोणीं केलें नाहीं. युरोपनें टोपाचा मार्ग पत्करला. फ्रान्सचा राजा तेरावा लुई १६०१ मध्यें जन्मला, आणि केस अकालीं विरळ झाल्यामुळें सुमारें १६२४ पासून तो कृत्रिम केसांचा टोप घालूं लागला. राजानें व्यंग झांकण्यासाठीं केलें तें दरबारानें शोभेसाठीं केलें, आणि पुढें सर्व युरोपांत टोपाची चाल पडली. टोप खऱ्या माणसांच्या केसांचा असे. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेपीस यानें १६६५ च्या प्लेगांत नवा टोप घालण्यास कचरत असल्याची नोंद केली आहे. हे केस प्लेगनें मेलेल्यांचे तर नसतील ना, अशी भीति तेव्हां सर्वत्र होती. १७९५ मध्यें पिट प्रधानानें केसांस लावण्याच्या भुकटीवर एक गिनीचा वार्षिक कर बसविला, तेव्हां ती चाल इंग्लंडांत ओसरली आणि डोकीं पुन्हां उघडीं पडलीं.

महाराष्ट्रांत या लज्जेस फार काळ अवसरच मिळाला नाहीं. पेशवाईंत व त्यानंतरही पुष्कळ वर्षें अनेक पुरुष डोकें भादरून शेंडी ठेवीत, आणि बाहेर पडतांना पगडी, पागोटें किंवा रुमाल बांधीत. बोडक्या डोक्यानें चारचौघांत जाणें अशिष्ट मानलें जाई. जेथें वस्तरा सर्वांस सारखा लागतो, तेथें कोणाचे केस आपण होऊन गेले आणि कोणाचे न्हाव्यानें काढले हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. इंग्रजी शिक्षणाबरोबर केस राखण्याची चाल आली, पुढें टोपीही खुंटीवर गेली, आणि तरुणाचें डोकें उघड्यावर आलें. टक्कल जुनेंच होतें. पाहणारे डोळे नवे होते.

डोकीं उघडीं पडलीं कीं तेलवाल्यांचे दिवस येतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनांत रोलंडचें मॅकासर तेल प्रसिद्धीस आलें. त्यानें केस वाढले असोत वा नसोत, खुर्च्यांच्या पाठी मात्र तेलकट झाल्या. म्हणून त्या पाठींवर घालावयाच्या रुमालास इंग्रजींत 'अँटिमॅकासर' असें नांवच पडलें. अशा मालाचा सुकाळ पुढें इतका झाला, कीं १९८९ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यास, केस उगवितात असें सांगून वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांस बंदी करावी लागली.

आतां दुसरा प्रवाह. खरें कारण, चमत्कार असा, कीं फार पूर्वींच ग्रीकांच्या दृष्टीस पडलें होतें. हिप्पोक्रॅटीसच्या नांवावर असलेल्या सूत्रसंग्रहांत, षंढ केलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाहीं, असें एक छोटें सूत्र आहे. स्त्रिया, मुलें व षंढ यांस टक्कल पडत नसल्याचें ॲरिस्टॉटलनेंही लिहून ठेविलें. म्हणजे टकलाचा संबंध पुरुषत्वाशीं आहे, हें उघड होतें. परंतु हें सूत्र सुमारें तेवीसशें वर्षें ग्रंथांत पडून राहिलें. मध्यंतरीं दोष टोपीला दिला गेला, बुद्धीच्या ताणाला दिला गेला. पाश्चरच्या जंतुशास्त्राचा बोलबाला झाल्यावर १८९७ मध्यें पॅरिसचा त्वचारोगतज्ज्ञ साबूरो यानें तो एका जंतूलाही दिला.

१९४२ मध्यें अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यानें हें जुनें सूत्र प्रयोगाच्या कसोटीस लावलें. ज्यांचे वृषण काढले गेले होते किंवा ज्यांच्यांत पुरुषत्वाचा विकासच झाला नव्हता, अशा पुरुषांची त्यानें पाहणी केली. वयांत येण्यापूर्वीं वृषण गेलेल्यांस टक्कल पडलें नव्हतें. अशांपैकीं कांहींस टेस्टोस्टेरोन हा पुरुषरस दिला, तेव्हां ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस जाऊं लागले. ज्यांच्या घराण्यांत तें नव्हतें त्यांचे राहिले. रस देणें थांबविल्यावर गळती थांबली, परंतु गेलेले केस परत आले नाहींत. पुरुषरस, आनुवंशिकता आणि वय, या तिहींचा संगम म्हणजे नेहमींचें टक्कल, हें तेव्हां सिद्ध झालें. टोपी व अभ्यास हे दोघेही निर्दोष सुटले.

पुढचा दुवा एका दूरच्या खेड्यांत सांपडला. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सालिनास येथें कांहीं मुलें जन्मतः मुली समजून वाढविलीं जात, आणि वयांत येतांना त्यांचें पुरुषत्व प्रकट होई. डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९७४ मध्यें याचें कारण प्रसिद्ध केलें. टेस्टोस्टेरोनचें रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरोन या अधिक प्रभावी रसांत करणारें द्रव्य त्या मुलांच्या शरीरांत उणें होतें. मोठेपणीं या पुरुषांच्या कपाळावरील केस मागें सरत नसत. म्हणजे केसांच्या मुळांस वर्षानुवर्षें बारीक करीत नेणारा रस हाच. तें रूपांतर रोखणारें फिनास्टेराइड हें औषध प्रथम १९९२ मध्यें प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारासाठीं आणि १९९७ मध्यें, एक मिलिग्रॅम या अल्प मात्रेंत, टकलासाठीं अमेरिकेंत संमत झालें. मिनॉक्सिडिलचा जन्म मात्र योगायोगाचा. तें रक्तदाबाचें औषध. त्यानें रोग्यांच्या अंगावर नको तेथें केस उगवूं लागले, आणि १९८८ मध्यें त्याचाच द्रव डोक्यास लावण्यासाठीं संमत झाला.

केसांच्या रोपणाचीही अशीच कथा आहे. जपानी वैद्य शोजी ओकुदा यानें १९३९ मध्यें सकेश त्वचेचे बारीक तुकडे रोपण्याची पद्धति वर्णन केली. युद्धाच्या धामधुमींत ती बाहेरच्या जगास कळली नाहीं. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्रायख यानें १९५९ मध्यें दाखवून दिलें, कीं डोक्याच्या मागील भागाचा केस पुढें लावला तरी आपला मूळचा चिवटपणा सोडीत नाहीं.

इतकें ज्ञान हातीं आल्यावर आजच्या तरुणानें काय करावें? प्रथम, गळती कसली आहे हें वैद्याकडून ठरवून घ्यावें. विषमज्वरासारख्या मोठ्या दुखण्यानंतर दोन-तीन महिन्यांनीं गळणारे केस बहुधा आपोआप परत येतात. त्यांस टक्कल समजून औषध घेणें व्यर्थ आहे. गळती घराण्याची असेल, तर औषधें गेलेलें परत आणण्यापेक्षां असलेलें राखण्यास अधिक उपयोगी पडतात, आणि तीं सोडलीं कीं राखलेले केस कांहीं महिन्यांत जातात. म्हणजे हा करार वर्षांचा नव्हे, आयुष्याचा आहे. फिनास्टेराइडनें कांहीं थोड्या पुरुषांची कामेच्छा मंदावते. आणि आत्महत्येचे विचार हा त्याचा एक दुष्परिणाम असल्याचें युरोपच्या औषध-नियामक संस्थेनें २०२५ मध्यें मान्य केलें आहे. आधींच खिन्न असलेल्या तरुणानें ही गोष्ट वैद्यापासून लपवूं नये. रोपणानें केसांची संख्या वाढत नाहीं, जागा तेवढी बदलते. विशींतच घाई केल्यास पुढें भोंवतालचे केस जाऊन रोपलेले तेवढे बेटासारखे उरण्याचा संभव असतो.

हें सारें तोलून कोणी औषध घेईल, कोणी वस्तरा घेईल, कोणी कांहींच करणार नाहीं. तिन्ही निर्णय सारखेच मानाचे आहेत. चुकीचा निर्णय एकच, आणि तो म्हणजे लाजेनें, कोणास न विचारतां, जाहिरातीच्या बाटलीवर विश्वास ठेवणें. त्या चुकीचा अर्धा दोष घरांतील हंसणाऱ्यांकडे जातो. डोमिशियनजवळ साम्राज्य होतें, पण ज्यास आपलें शल्य सांगावें असा त्याच्यासारखाच एक मित्रच काय तो त्याला सांपडला. आजच्या तरुणास तो मित्र स्वतःच्या घरांत भेटावा, इतकें तरी या लांब इतिहासावरून शिकतां येण्यासारखें आहे.